मधला वरंबा

राधानगरी तालुक्यात माझ्या सासऱ्यांचं रान आहे. डांबरी सोडली की शेवटचा पाऊण किलोमीटर गाडीवाट. उसाच्या ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या इतक्या खोल केल्यात की मधे वीतभर उंचीचा वरंबा उरलाय. पावसाळ्यात तो मऊ असतो. दसऱ्यानंतर ऊन लागलं की विटेसारखा कडक होतो. ट्रॅक्टरला त्याचं काही वाटत नाही. माझ्या जिप्सीचं पोट मात्र त्यावर खर्रर्र घासत जायचं आणि दर वेळी शेजारी बसलेली बायको डोळे मिटून घ्यायची. जणू तिच्याच पोटाला लागतंय.

गाडी २००४ची जिप्सी किंग, कापडी टपाची. शिरोळकडच्या एका गृहस्थांकडून घेतली. २०२१च्या जुलैच्या पुरात ती सीटपर्यंत पाण्यात होती हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तर ती मला परवडली. इंजिन उघडून नीट केलेलं, सीट नवे, वरून रंग. खालून मात्र कुणी वाकून पाहिलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पुराचं पाणी इंजिनातून काढता येतं, पण पाट्यांच्या, म्हणजे गाडीचं वजन तोलणाऱ्या पट्टीदार स्प्रिंगांच्या, टोकांच्या रबरी बुशात शिरलेलं पाणी तिथंच बसून आपलं काम करत राहतं. ते मला तीन वर्षांनी कळलं.

पाटे बसलेत हे नुसत्या नजरेला दिसत होतं. पुढून पाहिलं तर ड्रायव्हरची बाजू खाली झुकलेली. नवे पाटे टाकायचेच आहेत तर दोन इंच उंचच टाकू, असा सरळ हिशेब करून मी पुण्याहून किट मागवला. चार पाटे, आठ यू-बोल्ट, शॅकल, पॉलियुरेथेनचे बुश, चार लांब शॉकअप आणि तीन ब्रेक होज. घरी उघडून अंगणात मांडलं तेव्हा शेजारचे आण्णा कुंपणावरून बघत होते. आण्णांनी सदतीस वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काढली, बहुतेक सगळी लेथवर. निवृत्त झाले तरी त्यांचे हात अजून काहीतरी धरायला शोधत असतात.

"कशासाठी रं हे?"

मी वरंब्याची कहाणी सांगितली. गोळा घासतोय म्हणालो, म्हणजे डिफरन्शियल.

आण्णा गाडीपाशी आले, गुडघ्यावर बसले, खाली वाकून बघितलं. मग उठून शांतपणे म्हणाले, "गोळा एक्सलला हाय. एक्सल चाकाला. आणि पाटं एक्सल आणि चासीच्या मधी. तू पाटं उचलणार, म्हंजे चासी वर जाणार. गोळा कसा वर जाईल?"

मी गप्प. किटचे पैसे गेलेले होते.

ही गोष्ट मला नीट माहीत होती, म्हणजे माहीत असायला हवी होती. सलग एक्सलच्या गाडीत पाट्याने किंवा स्प्रिंगने कितीही उंची वाढवा, एक्सलखालची जागा तसूभरही वाढत नाही. ती फक्त टायरने वाढते, तीही टायरच्या व्यासात जेवढी भर पडेल त्याच्या निम्मी. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर भरतो. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३. म्हणजे पस्तीस मिलिमीटरचा फरक आणि गोळ्याखाली त्यातले सतरा-अठरा. कंपनीचा आकडा २१० मिलिमीटरचा आहे, तो २२८च्या आसपास जाईल. एवढ्यासाठी एवढा खटाटोप!

पण पाटे उचलल्याचा फायदा वेगळा असतो. चासी, गिअरबॉक्स, त्यामागची वेगळी टांगलेली ट्रान्सफर केस, सायलेन्सर, पुढचा बंपर ही सगळी मंडळी वर जातात. मोठा टायर मडगार्डला न लागता फिरायला जागा होते. माझ्या वरंब्यावर गोळ्याबरोबर सायलेन्सरही घासत होता, हे मी आण्णांना सांगून पाहिलं. "मग सायलेन्सरसाठी म्हण की," आण्णा म्हणाले. टायरही घ्यायचे ठरले.

उंची वाढवायचे मार्ग अनेक आहेत आणि त्यातला सगळ्यात स्वस्त मार्ग गावोगाव दिसतो. लांब शॅकल. शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला टांगणारी दुपाखी पट्टी. ती दोन इंच लांब केली की गाडी जेमतेम इंचभर उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली येतं आणि एक्सल साधारण मध्यावर असतो. शिवाय जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर एक्सलही झुकतो आणि किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खिळ्याचं, वरचं टोक पुढे येतं. यालाच कॅस्टर कमी होणं म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. तो कल कमी झाला की गाडी रस्ता हुंगत चालते, स्टिअरिंग सोडलं तर आपणहून सरळ होत नाही. दुसरा मार्ग जुन्याच पाट्यांना भट्टीत घालून जास्त बाक द्यायचा. काही दिवस छान दिसतं, मग बसतं. तिसरा मार्ग शूरांचा. जिप्सीत पाटा एक्सलच्या खालून जातो, तो एक्सलच्या वर घ्यायचा. एका फटक्यात चार-पाच इंच मिळतात, पण एक्सलवर नव्या बैठका वेल्ड करायच्या, स्टिअरिंगचे दांडे बदलायचे, ब्रेकचं सगळं नव्याने बघायचं. माझ्या अंगणात, माझ्या हातून, हे होणार नव्हतं. जास्त बाकाचे नवे पाटे हा मधला मार्ग आहे आणि त्यातही कॅस्टरला थोडा धक्का बसतोच.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. विमा कंपनी अपघातानंतर काय म्हणेल हा आणखी एक प्रश्न. मी हे सगळं वाचूनही केलं, त्याचं समर्थन करत नाही. जुने पाटे ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. कुणी हे वाचून करणार असेल तर ही बाजू आधी तोलावी.

काम दिवाळीत काढलं, ही पहिली चूक. बँकेतल्या माणसाला सलग रजा तेव्हाच मिळते हे खरं, पण दिवाळीत अंगणावर पोरांचा हक्क असतो. मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी कुंपणाच्या कोपऱ्यात किल्ला करायला घेतला होता. माती, दगड, पोती, सगळं आणून टाकलेलं. उरलेल्या जागेत जिप्सी. बायकोने रांगोळीसाठी पायरीपुढची चार फूट जागा खडूने आखून दिली आणि त्या रेघेच्या आत एकही पाना दिसता कामा नये असं बजावलं.

आण्णांनी मात्र वसुबारसेच्या आठवडाभर आधीपासूनच काम सुरू केलं होतं. रोज संध्याकाळी येऊन प्रत्येक यू-बोल्टच्या आणि शॅकलच्या नटावर डिझेल सोडायचे. आधी तारेचा ब्रश मारायचा, आट्यांमधली माती काढायची, मग डिझेल. मी म्हणालो, दुकानात गंजाचा स्प्रे मिळतो. तोही आणला. "दोन्ही पाज," ते म्हणाले. "गंजलेल्या बोल्टाशी भांडायचं नसतंय. त्याला पाजायचं, आणि आपण जाऊन झोपायचं."

सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजून भिंतीवर खडूने लिहिलं. ड्रायव्हरची बाजू पुढे दोन सेंटीमीटर खाली निघाली. मग मागचं टोक आधी घेतलं, कारण मागे स्टिअरिंगची भानगड नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, मागून उचलली आणि चासीखाली लोखंडी घोड्या दिल्या. अंगणात फरशी होती म्हणून घोड्यांखाली जाड फळ्या टाकल्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हे मी इथं एकदाच लिहितो. घोड्या दिल्यावर आण्णांनी बंपर धरून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली. आपण खाली असताना पडण्यापेक्षा बाहेर असताना पडलेली बरी, म्हणाले. पडली नाही.

एक्सलला वेगळा जॅक द्यावा लागतो. यू-बोल्ट सुटले की एक्सल आणि पाटा यांचा संबंध संपतो, मग एक्सल ब्रेकच्या होजवर आणि हँडब्रेकच्या तारेवर लोंबकळायला नको. यू-बोल्ट अनपेक्षितपणे सहज सुटले. पान्याला चार फुटी पाइप लावला, एक कर्र आवाज झाला आणि नट फिरला. डिझेलची कृपा. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मागचं आटपतंय.

मग पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या गोल भोकातला, बोल्ट. नट निघाला, बोल्ट फिरायलाही लागला, पण बाहेर येईना. पाट्याच्या डोळ्यात रबरी बुश असतो, बुशात लोखंडी नळी, नळीतून बोल्ट. पुराचं पाणी त्या नळीत शिरून बोल्ट आणि नळी एकजीव झाली होती. मी बोल्ट फिरवतोय आणि त्याच्याबरोबर नळी रबरात गरगरतेय. घणाने ठोकलं, नट अर्धा चढवून ठोकलं, पहार लावली. बोल्टाचं डोकं मशरूमसारखं पसरलं, जागचा मात्र हलला नाही. गॅसने तापवला की निघतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण जिप्सीची पेट्रोलची टाकी मागे आहे, तिच्या शेजारी ज्योत किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या न्यायची माझी छाती नव्हती आणि आण्णांची तयारी नव्हती.

शेवटी एक्सा ब्लेड. पाट्याचा डोळा आणि चासीचा कान यांच्यामधली तीन मिलिमीटरची फट, त्यातून ब्लेडचं नुसतं पातं कापडात गुंडाळून हातात धरायचं आणि घासत बसायचं. एका बोल्टाला दोन काप, दोन्ही बाजूंनी. उजव्या बाजूच्या एका बोल्टाला अडीच तास लागले. चार पाती गेली. मधे मुलगी येऊन बंपरवर मावळे ठेवून गेली, किल्ल्यावर जागा उरली नव्हती म्हणे. डाव्या बाजूचा बोल्ट दोन ठोक्यांत निघाला. त्याचं कारण मला आजही सांगता येत नाही.

पाटा खाली उतरवून जुना आणि नवा शेजारी ठेवला तेव्हा खरा फरक दिसला. जुना जवळजवळ सपाट, नव्याला चांगला बाक. आणि बाक जास्त म्हणजे डोळ्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर कमी. पुढचा डोळा बसवला तर मागचं शॅकल पाट्याच्या डोळ्यापर्यंत पोचेना. इथं घाबरायचं कारण नसतं. वजन आलं की पाटा पसरतो आणि शॅकल आपल्या जागी जातं. तोवर शॅकल आत ओढून, पहारीने पाटा रेटून बोल्ट पार करायचा. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने भोकात बोट घालून भोकं जुळलीत का हे बघायचं. बोट घालणारा मी होतो. चुकूनही घालू नका. स्क्रूड्रायव्हर घाला. नख महिनाभर काळं होतं.

पण खरी अडचण अजून यायची होती. पाट्यांची चळत एका मधल्या बोल्टाने बांधलेली असते. त्या सेंटर बोल्टाचं गोल डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि त्यामुळेच एक्सल पुढे-मागे सरकत नाही. किटच्या बोल्टांचं डोकं भोकापेक्षा मिलिमीटरभर मोठं निघालं. चारही पाट्यांचं. यू-बोल्ट आवळून ते दाबून बसवता आलं असतं, दिसायला बसलेलं दिसलंही असतं. आण्णांनी ऐकलं नाही. वर्निअरने भोक मोजलं, चारही सेंटर बोल्ट काढले (पाट्यांना आधी दोन शिकंजे लावून, नाहीतर चळत तोंडावर उसळते) आणि खिशात टाकले. उद्या लक्ष्मीपूजन, उद्यमनगर बंद. पण आण्णांच्या एका जुन्या जोडीदाराच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये लेथ आहे. सकाळी सातला आम्ही तिथं. त्या माणसाने आंघोळ करून, गंध लावून, नव्या शर्टात लेथ चालू केला. चार बोल्टांची डोकी कापून मापात आणायला पंधरा मिनिटं आणि फराळ खायला पाऊण तास लागला. पैसे घेतले नाहीत. कोल्हापुरात दुसऱ्या कुठल्या गोष्टीची ददात असेल, पण लोखंड मापात आणून देणाऱ्या माणसाची नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मागचं टोक चाकांवर उतरलं, पुढचं तसंच. गाडी नमस्कार करत असल्यासारखी दिसत होती. बायको म्हणाली, "पाडव्याला तरी सरळ उभी राहील ना?"

पाडव्याला उभी राहिली नाही.

पुढचे पाटे काढताना बोल्टांनी फार त्रास दिला नाही, शॉकअपने दिला. पुढच्या शॉकअपचं वरचं टोक म्हणजे सरळ उभा दांडा, त्यावर रबर, वाटी, नट. नट फिरवला की दांडाच फिरतो. दांड्याला ग्रिपच्या चिमट्याने धरलं तर चिमटा घसरतो. जुने टाकायचेच होते म्हणून शेवटी नट छन्नीने फोडला.

दोन्ही पुढचे पाटे बाहेर असताना एक गोष्ट करून घेतली, ती फार उपयोगी पडली. एक्सल दोन जॅकवर हळूहळू वर नेला, थेट बंप स्टॉपला, म्हणजे खड्ड्यात एक्सलला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत. त्या स्थितीत शॉकअपच्या दोन टोकांमधलं अंतर मोजलं. नवा शॉकअप पूर्ण दाबला तर त्याची लांबी त्या अंतरापेक्षा दीड सेंटीमीटर जास्त. म्हणजे मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉप टेकण्याआधी शॉकअपच तळाला लागणार आणि दोन-चार दणक्यांत संपणार. लांब शॉकअप म्हणून आपण खूश असतो, ते मिटल्यावर केवढे उरतात हे कुणी बघत नाही. बंप स्टॉपखाली पंचवीस मिलिमीटरचे लोखंडी ठोकळे टाकून ते खाली आणले. मोठ्या टायरने मडगार्ड खाऊ नये म्हणूनही ते लागणारच होते.

मग एक्सल खाली सोडत सोडत बाकीचं बघितलं. जुना ब्रेक होज सतारीच्या तारेसारखा ताठ झाला. मागचा होज आणि एक्सलची हवा सोडणारी बारीक नळी, दोन्हींचं तेच. होज बदलले म्हणजे ब्रेक ऑइल सांडलं, रंगावर सांडलं तर रंग उचलतं म्हणून ओल्या फडक्याने लगेच पुसलं. हवा काढायला मुलगी आत बसली. "दाब. धर. सोड." शंभरेक वेळा. तिने मधेच विचारलं, "बाबा, हे दुसऱ्या कुणाच्या घरी पण दिवाळीत करतात का?"

बुशांबरोबर एक सूचना होती, ती आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटणार होती. पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, चार वेळा बंपरवर उड्या मारायच्या, मग आवळायचे. नाहीतर पाटा लोंबलेल्या स्थितीतच पकडला जातो आणि गाडी उंच पण लाकडासारखी होते. रबरी बुश असतील तर ते पिळून फाटतातही. यू-बोल्ट मात्र आधीच, कोपऱ्या-कोपऱ्याने, थोडे थोडे, सगळीकडे सारखे आटे दिसतील असे. आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा. माझे तेव्हा प्रत्येकी अर्धा फेरा आणखी फिरले.

भाऊबीजेला गाडी चारही पायांवर उभी राहिली. भिंतीवरचे आकडे आणि नवे आकडे. पुढे पावणेसात सेंटीमीटर वाढ, मागे सहा. दोन इंच म्हणजे पाच. वरचे एक ते पावणेदोन सेंटीमीटर हे जुन्या पाट्यांचं बसणं. महिन्याभरात नवे पाटे सेंटीमीटरभर खाली आले, ते येतातच. डावं-उजवं सारखं झालं, याचा मला उंचीपेक्षा जास्त आनंद झाला. स्टिअरिंग मात्र सरळ चाकांना वाकडं दिसत होतं. चासी वर गेली, एक्सल खाली राहिला, त्यामुळे दोघांना जोडणारा ड्रॅग लिंकचा दांडा तिरपा होऊन आखूड पडल्यासारखा होतो. त्याचे चेक नट सैल करून दांडा फिरवून लांब केला, स्टिअरिंग मधे आलं.

दुसऱ्या दिवशी नवे टायर चढवून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. आण्णा शेजारी. पहिले दहा किलोमीटर छान. मग साठच्या आसपास एका पुलाच्या जोडावरून चाक गेलं आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. थरथरणं म्हणजे, हात दिसेनासे झाले. पूर्ण डॅशबोर्ड खडखडतोय, पुढची चाकं डावी-उजवी फडफडतायत, वेग कमी केला तरी थांबेना. ब्रेकवर हळू पाय ठेवत वीसच्या खाली आणली तेव्हा एकदम शांत झालं. कडेला घेऊन इंजिन बंद केलं. दोघंही काही बोललो नाही. आण्णांनी कंबरेची तंबाखूची चंची काढली, माझ्यासमोर त्यांनी ती त्या दिवशी पहिल्यांदाच काढली.

तीस-चाळीसच्या वेगाने परत आलो. घरी पुढचं चाक उचललं, वर आणि खाली धरून हलवलं. टकटक. मुलीला ब्रेक दाबून ठेवायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. टकटक तशीच. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर चाकाचं बेअरिंग, नाही गेला म्हणजे किंगपिन. दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंगं संपलेली होती. पुराचं पाणी तिथंही पोचलं होतं. जुन्या, बसलेल्या, जड चालणाऱ्या गाडीत ते झाकलेलं होतं. कॅस्टर थोडा कमी झाला, टायर मोठे आणि जड आले, आणि झाकलेलं सगळं बाहेर पडलं. किटने बिघडवलं असं म्हणता येत नाही.

ते काम चार रविवारांत झालं. चाक, डिस्क, सगळं काढून गुडघ्याएवढ्या चिखलासारख्या ग्रीसमधून बेअरिंगं बदलायची आणि किंगपिनच्या टोपीखालच्या पातळ शिमा कमी-जास्त करून ती अशी बसवायची की खेळही नको आणि जखडायलाही नको. हे आण्णा हाताच्या अंदाजाने करत होते आणि मी स्प्रिंगच्या ताणकाट्याने खात्री करत होतो. दोघांचं एकदाही पटलं नाही असं झालं नाही, फक्त ते आधी सांगायचे आणि मी नंतर मोजायचो. कॅस्टर परत आणायला पुढच्या पाट्यांवर अडीच अंशाच्या लोखंडी पाचरी बसवल्या, त्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये कापून घेतल्या. अलाइनमेंटवाल्याने फक्त टो-इन, म्हणजे पुढची चाकं किती आत वळलेली असावीत ते, नीट केलं, सलग एक्सलला त्याच्या यंत्रावर दुसरं काही करता येत नाही. टायर बॅलन्स केले. हेडलाइट खाली केले, कारण समोरचे लोक शिव्या द्यायला लागले होते. आता स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने जात असते, हे लक्षात ठेवावं लागतं. ऐंशीपर्यंत स्टिअरिंग मुकाट असतं. त्याच्या वर नेऊन बघितलेलं नाही आणि बघणारही नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रानात गेलो. ऊसतोड सुरू झालेली, चाकोऱ्या आणखी खोल. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून कान देऊन चालवत होतो. सायलेन्सर शांत. चासी शांत. बायकोचे डोळे उघडे. आंब्याच्या झाडापाशी वळणावर, जिथं वरंबा सगळ्यात उंच आहे, तिथं खर्रर्र. गोळा.

सासरे बांधावर उभे होते. मी उतरून वाकून बघितलं, काही झालेलं नव्हतं. त्यांना सगळं सांगितलं, दोन इंच, टायर, पाटे, अठरा मिलिमीटर. मामांनी ऐकून घेतलं. मग खोपीतून खोरं आणलं, वळणावरचा वरंबा दहा-बारा फुटांवर सपाट ओढला, माती चाकोरीत भरली, पायाने दाबली. सात-आठ मिनिटं लागली असतील.

"आता बघा बरं आणून," ते म्हणाले.

गाडी आवाज न करता गेली. परतताना मामी शेंगांचं पोतं घेऊन आमच्याबरोबर कोल्हापूरला येणार होत्या. त्यांनी एक पाय उचलून बघितला, मग दुसरा उचलून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. खोपीतला उलटा घमेला पायाखाली देऊन त्यांना वर घेतलं. घमेलंही बरोबर आणलं, उतरायला लागणार होतं. आण्णांना सांगितलंय. दोन्ही बाजूंना पायरी करायची आहे, दीड इंची पाइपची. मापं घेऊन गेलेत.